लेक बुरशी पाळते

आई, तुला बुरशीचा किती राग होता! लोणच्याच्या बरणीत पांढरं काही दिसलं की तू घर डोक्यावर घ्यायचीस. "वला चमचा कुनी घातला गं?" घातलेला असायचा बाबांनी, बोलणी मात्र मी खायचे. आणि त्याच घरातली मुलगी सूक्ष्मजीवशास्त्र शिकून खालापूरच्या कारखान्यात बुरशी वाढवायच्या नोकरीला लागली. शेजारणींना तू एवढंच सांगायचीस, "लेक लॅबमदी हाय." कुणी पुढचं विचारलं की विषय बदलायचीस.

मग एकदा कारखान्याने घरच्यांना बोलावलं. तू ठेवणीतली साडी नेसून आलीस. काचेपलीकडचे ट्रे मी तुला दाखवले. भाताचा पेंढा, त्यात कोंडा आणि वर कापसासारखी दाट बुरशी. तू पदर नाकाला लावलास. "आगं, समदं वाया गेलं की ह्ये!" साहेब हसले आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण तू तिथून हलत नाहीस. काचेला कपाळ टेकवून विचारतेस, "खाते काय गं ही?" मी सांगते, पेंढाच खाते. तिला तोंड नसतं, म्हणून ती आधी अंगातला रस बाहेर सोडते, त्या रसाने पेंढा विरघळवते आणि मग शोषून घेते. आम्हाला तो रस हवा असतो, त्यालाच एन्झाइम म्हणतात. कोंबड्यांच्या खाद्यात तो मिसळला की खाल्लेलं त्यांच्या अंगी लागतं. परत येताना कळंबच्या टमटममध्ये शेजारच्या अनोळखी बाईला आपणहून सांगितलंस, "माजी लेक बुरशी पाळते." शेळ्या पाळते म्हणावं, अशा थाटात. मी बाहेर बघत हसू दाबत होते.

तू गेल्यावर बऱ्याच वर्षांनी मी ती नोकरी सोडली. आपल्या खळ्याच्या जागेवर वहिनी आणि मी बुरशी वाढवायची शेड घातली आहे. भाताची झोडणी झाली की गुरांना पुरून उरलेला पेंढा गावातून आमच्याकडे येतो. वहिनी रिसॉर्टमधलं खोल्या आवरायचं काम सोडून माझ्याबरोबर आली, आणि कोंबडीखाद्य बनवणाऱ्या एकाची पहिली मोठी ऑर्डर मिळाली तेव्हा आम्ही घरात शिरा केला.

तो माल बिघडला. घाईत आम्ही ट्रेमध्ये पेंढ्याचा थर जाड लावला होता. बुरशी वाढताना उष्णता सुटते, ती आतच कोंडली. मधली बुरशी मेली आणि तिथे दुसरंच काहीतरी गुलाबी उगवलं. आंबूस वास सुटला. वहिनीने एकेक ट्रे ओढून उजेडात बघितला. मग हळूच म्हणाली, "कडंकडंचं चांगलं हाय ना? तेवढं काढून घेऊ या का?" मोह मलाही झाला, आई. रस काढून गाळल्यावर कुणाला दिसलं नसतं. पण ते पिल्लांच्या पोटात जाणार होतं. मी नाही म्हटलं. सगळं वाफवून, त्यातलं जिवंत मारून आम्ही खड्ड्यात पुरलं, आणि मी गिऱ्हाइकाला फोन करून खरं ते सांगितलं. तो म्हणाला, "ताई, या वेळी थांबतो. पुन्हा असं झालं तर नाही जमणार." वहिनी पायरीवर बसून रडली. "रिसॉर्टवाले आता परत घेनार नाय मला." मी तिच्याजवळ बसून राहिले.

दुसऱ्यांदा थर पातळ लावले, पंखे बसवले. वहिनी येता-जाता ट्रेला खालून हात लावून बघायची, ताप आलेल्या मुलाचं कपाळ बघावं तशी. सगळीकडे एकसारखं पांढरं आलं. त्या माणसाने माल तपासून घेतला आणि फोनवर एवढंच म्हणाला, "पुढच्या खेपेला जास्त लागेल." वहिनीने फोन माझ्या हातातून ओढून घेतला आणि त्याला पुन्हा म्हणायला लावलं! तेव्हापासून तो दुसरीकडे गेलेला नाही. आता पेंढा भिजवण्यापासून सगळं वहिनी बघते, आणि मला ट्रेच्या मध्येमध्ये येऊ देत नाही.

आज शेडच्या कामाला सुट्टी आहे. वहिनी कोंडाण्याला माहेरी गेली आहे. तापमान बघून येते, असं घरी सांगून मी निघाले. तापमान मोबाइलवरही दिसतं, ते घरच्यांना अजून माहीत नाही. खरं तर तपासायचं काहीच नव्हतं. शेडमध्ये नुसती खुर्ची टाकून बसले आहे. नव्या ट्रेंवर पांढरं धरायला लागलंय, आणि मला ते बघत बसायला आवडतं गं.