दोन वैद्य आणि एकही ढाल नाही

तीर्थस्वरूप दादांस,

तुमच्या बहिणीच्या नवऱ्याचा साष्टांग नमस्कार. (नमस्कार खरोखरच साष्टांग आहे. परवा आनंदाने खुर्चीवरून उडी मारली आणि आठही अंगं एकदम फरशीला टेकली. तोच तुमच्या नावे धरावा.) बोटीच्या इंजिनाची आणि तुमच्या पित्ताची प्रकृती कशी आहे? दोन्ही तापू देऊ नयेत असा आईंचा निरोप आहे. इकडे सगळे ठणठणीत. आईंचा नवा गुडघा जुन्यापेक्षा जोरात चालतो, त्यामुळे घरातली कुठलीही गोष्ट आता त्यांच्या नजरेतून सुटत नाही. तुमची बहीण दिवसभर ड्रायव्हिंग स्कूलमध्ये लोकांवर ओरडते आणि उरलेला आवाज घरी घेऊन येते. माझ्या लिफ्टही वरखाली चालू आहेत, मध्येच अडकणाऱ्या दोन सोडून.

बोटीवर नेट चमचाभर मिळतं असं तुम्ही म्हणाला होतात, म्हणून कंपनीच्या टपालाच्या पिशवीतून हे सविस्तर पत्र पाठवतो आहे. दादा, आपण वाचलो! वरच्या सोळांत राहिलो! हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं वाचताना तुमचं पित्त खवळेल आणि त्याचा दोष माझ्यावर यायला नको.

जाताना तुम्ही आईंच्या जोडीतली तुमची जागा माझ्यावर सोपवलीत. "नुसतं बसायचं, सहा महिने जागा राखायची," असं म्हणालात. जसं काही रुमाल टाकून बाकावर बसायचं आहे. पण तो कॉम्प्युटरवरचा खेळ म्हणजे राक्षस, किल्ले, जादू आणि समोर बसलेली खरीखुरी माणसं. चार वर्षं खपून तुम्ही मायलेक त्यातल्या पहिल्या सोळा जोड्यांत पोचलात. दर सहा महिन्यांनी तीन सामने असतात आणि त्यांतला एक तरी जिंकावाच लागतो. नाहीतर जोडी थेट तळाला जाते, पुन्हा पहिल्या पायरीपासून. म्हणजे तुमची चार वर्षं माझ्या हातात होती, आणि माझा त्या खेळाचा अनुभव अकरा दिवसांचा.

आता मुख्य अडचण. हा खेळ मुळात निवडीचा आहे. प्रत्येकाने आधी आपला क्लास ठरवायचा, म्हणजे आपण लढणार कोण म्हणून ते. ढालकरी पुढे उभा राहून मार खातो, वैद्य मागून जखमा भरतो, जादूगार आग फेकतो, आणखीही बरेच आहेत. दोघांच्या जोडीत एकाकडे जे नाही ते दुसऱ्याकडे हवं, एवढंच त्यातलं शास्त्र. तुमच्या वेळी सोपं होतं, आई ढालकरी आणि तुम्ही जादूगार. मला आग झेपत नाही. (पहिल्याच सरावात मी चुकून आपलंच माणूस पेटवलं. आपलं माणूस म्हणजे आईच. त्या "असू द्या" म्हणाल्या, पण फार हळू म्हणाल्या.) म्हणून सगळी निवड नव्याने करायची होती. आणि ती ज्याने त्याने आपापल्या कॉम्प्युटरवर करायची. आई हॉलमधल्या, मी आतल्या खोलीतल्या. सामना सुरू होईपर्यंत कोणी काय निवडलं ते कोणालाच दिसत नाही, जोडीदारालाही नाही.

तुम्ही म्हणाल, मग एकमेकांना विचारायचं की! दादा, माझ्या लग्नाला नऊ वर्षं झाली. या नऊ वर्षांत आईंचं आणि माझं बोलणं "घ्या", "नको", "थोडं तरी घ्या", "पुरे" यापलीकडे गेलेलं नाही. त्या आमच्याकडे राहायला आल्या तेव्हा त्यात "पंखा लावू का?" याची भर पडली. अशा माणसाला मी कसं विचारू, की आई, तुम्ही राक्षसाचा मार खाणार का? मी मनाशी म्हटलं, सत्तरीला आलेल्या, नुकताच गुडघा बदललेल्या बाईंनी पुढे उभं राहायचं आणि जावयाने मागे? छे! त्यांच्या जिवाची काळजी आपण घ्यायची. आणि मी वैद्य झालो.

तिकडे हॉलमध्ये आईंनी मनाशी म्हटलं, मुलाचं ठीक होतं, तो घरचा. हे जावई. यांना काही झालं तर लेकीला काय तोंड दाखवू? आणि त्याही वैद्य झाल्या.

पहिला सामना पाऊण तास चालला. आम्ही दोघं मैदानाच्या मधोमध उभे राहून एकमेकांना बरं करत होतो. समोरचे दोघे तलवारीने मारत होते, आम्ही भरत होतो. ते पुन्हा मारत होते, आम्ही पुन्हा भरत होतो. आमच्यातलं कोणी मरेना आणि आम्हाला कोणाला मारता येईना. अर्ध्या तासाने समोरच्याने लिहून विचारलं, आम्ही जेवून आलो तर चालेल का. आईंनी "सावकाश जेवा" असं उत्तर दिलं. (तीस वर्षं ऑपरेशन थिएटरमध्ये सिस्टर होत्या. माणुसकी सुटत नाही.) ते खरंच जेवून आले आणि आम्ही जिथे होतो तिथेच होतो. वेळ संपली, वार त्यांचे जास्त, सामना त्यांचा.

पुढच्या शनिवारी मी शहाणा झालो. आईंना वैद्यच व्हायचं आहे हे कळलं होतं, तेव्हा आपण ढाल घ्यावी. तुमच्या लक्षात आलंच असेल. आईही तेवढ्याच शहाण्या झाल्या होत्या. दोन ढालकरी एका अरुंद पुलावर उभे राहिले. त्या मला मागे घालायला बघत होत्या आणि मी त्यांना. मी अर्धं पाऊल पुढे टाकलं की त्या एक पाऊल टाकायच्या. अशा आदरात पुलाची कड कधी आली ते कळलं नाही आणि आई नदीत पडल्या. आता सासूबाई नदीत पडल्यावर जावयाने काठावर उभं राहायचं का? मी चिलखतासकट उडी मारली. आम्ही दोघंही बुडालो. समोरची जोडी अजून पुलापर्यंत पोचायची होती. त्यांना आपण जिंकल्याचं कोणीतरी सांगावं लागलं असेल.

उरला एकच सामना. दोन दिवस घरात कोणी कोणाकडे बघेना. मी जिना चढताना आवाज होऊ देत नव्हतो. आई भाजी चिरताना सुरी जपून टेकवत होत्या. शेवटी तुमच्या बहिणीचा बांध फुटला. कामावरून आली, पर्स सोफ्यावर फेकली आणि आम्हा दोघांना जेवणाच्या टेबलाशी समोरासमोर बसवलं. म्हणाली, "माझ्या शिकवायच्या गाडीत ब्रेक दोन असतात, एक माझ्या पायाशी, एक शिकणाऱ्याच्या. दोघांनी दाबूनच धरले तर गाडी हलेल का? बोला एकमेकांशी! बोलून झाल्याशिवाय कोणी उठायचं नाही." आणि बाहेरून दाराला कडी घातली.

दादा, त्या टेबलाशी आम्ही दोन तास बसलो. पहिला पाऊण तास पाण्याच्या तांब्याकडे बघण्यात गेला. मग आईंनीच विचारलं, लिफ्टचं काम नक्की कसं करता हो? मी सांगितलं की आम्ही दोघं असतो. एक जण लिफ्टच्या टपावर चढून खोल विहिरीसारख्या पोकळीत उतरतो आणि दुसरा वर मशीनच्या खोलीत स्विचपाशी थांबतो. बारा वर्षं मी स्विचपाशीच थांबतो. खालच्याचा श्वास बदलला तरी मला कळतं. त्यांनी ऐकून घेतलं आणि मग त्या जे बोलल्या ते मी जसंच्या तसं लिहितो. म्हणाल्या, "गुडघा झाल्यापासून सगळे मला बसवतात. उठू नका, वाकू नका, आम्ही आहोत ना. तीस वर्षं मी रक्तापुढे उभी होते. त्या खेळात तरी मला पुढे उभं राहू द्या." मी "थोडं पाणी घ्या" म्हणालो.

मग मात्र आम्ही वहीच काढली! आई ढालकरी, हे पक्कं. पण त्यांनी घेतलेली ढाल वेगळी, तिच्यावर बसलेल्या वारातला तिसरा हिस्सा मारणाऱ्यावरच उलटतो. मी नुसता वैद्य झालो तर पहिल्या सामन्यासारखं समोरच्याला जेवायला पाठवावं लागलं असतं. म्हणून मी वनवैद्य झालो. तो औषधही देतो आणि काटेरी वेलीही सोडतो, फक्त दोन्ही एका वेळी करता येत नाही. ज्या क्षणी वेली सोडाव्यात त्या क्षणी औषध बंद. केवढी सुंदर निवड आहे ही, दादा! मी रात्रीचा जेवायचाही विसरलो होतो.

परवाच्या शनिवारी, दुपारी चारला, समोर दोन जादूगार. या दोघांनी आधीच्या जोडीला दीड मिनिटात जाळलं होतं. आई खाणीच्या बोगद्याच्या तोंडाशी ढाल रोवून उभ्या राहिल्या. काय उभ्या राहिल्या! आगीचे लोळ येत होते आणि बाई तसूभर हलत नव्हत्या. आठव्या मिनिटाला त्यांच्यातला एक जण आपल्याच उलटलेल्या आगीत आणि माझ्या वेलींत संपला. दुसरा मात्र भलताच चिवट. आईंचा जीव शंभरावरून साठ, साठावरून तीस. मी औषध ओततो आहे, ओततो आहे, वेली सोडायला हात होत नाही. आणि हॉलमधून आवाज आला, "अरे, मला काय बघतोस? त्याला बघ!"

नऊ वर्षांत पहिल्यांदा "अरे"! मी औषध थांबवलं. आईंचा जीव माझ्या डोळ्यांदेखत वीस झाला, दहा झाला, चार झाला, आणि मी मन घट्ट करून सगळ्या वेली त्या जादूगारावर सोडल्या. तो पडला! आम्ही जिंकलो! पुढची खुर्चीची हकीकत वर आलीच आहे. तुमची चार वर्षं शाबूत आहेत. दिलेलं काम पार पडलं.

कळावे, लोभ आहेच, तो बंदरोबंदरी वाढवावा.

तुमचा आज्ञाधारक मेहुणा

ता. क. येताना कानाला न टोचणारा एक हेडफोन आणावा. आईंचा आवाज आता हॉलमधून थेट येतो, पण खाली राहणाऱ्यांची तक्रार आहे.

ता. क. आणखी एक. वर "दिलेलं काम पार पडलं" असं लिहिलं खरं. तुम्ही पुढच्या महिन्यात घरी आलात आणि "चला, उठा" म्हणालात तर मी उठेन. जागा तुमची आहे, आई तुमच्या आहेत. पण दादा, शक्य असेल तर म्हणू नका. हेच लिहायला पत्र काढलं होतं, बाकीचं मध्ये आलं.

ता. क. (हे अक्षर माझं आहे, आईचं. पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलं होतं.) पत्रात दोन चुका आहेत. माझा जीव शेवटी चार नव्हता, अकरा होता. आणि तो जादूगार मेल्यावर जावईबापू तीन मिनिटं मला औषध पाजत होते, सामना संपला हे त्यांच्या गावीही नव्हतं. तुझी आग चांगली होती, बाळा. पण चार वर्षांत आपण जिंकायचो तेव्हा बहुतेक वेळा मी मेलेली असायचे आणि तू "जिंकलो" म्हणून ओरडत असायचास. तुझ्या जागेवर मी मंगळवारीच, शेवटच्या सामन्याआधी, त्यांचं नाव कायम केलं आहे, त्यांना अजून सांगितलेलं नाही. तू तुझ्या बहिणीबरोबर खेळ, ती ओरडेल. औषधं वेळेवर घे आणि बंदराला लागलास की फोन कर. फक्त शनिवारी चार ते पाच करू नकोस.