ताईच्या फोटोपुढे मेणबत्ती

१२ जानेवारी
कस्तुराबाई मावशी आसेगावहून रडतच आली. दारातच सूर लावला, आणि समोर ताई कणीक मळत बसलेली! मावशी मटकन खाली बसली. ‘अवं, तू हायेस? पोट्ट्यायनं स्टेटसवर तुह्या फोटोपुढं मेणबत्ती लावली, मले वाटलं...’

आमच्या वाशिमकडच्या मालेगावच्या पोरांनी ‘सपनाताईला न्याय द्या’ अशी मोहीम काढली आहे. गावातल्याच एका नालायकाने दिवाळीत ताईचे खोटे फोटो बनवून पसरवले, ती एकटी पोलीस ठाण्यात जाऊन त्याचं नाव सांगून आली, तेव्हा हे सगळे मूग गिळून गप्प. आता मेणबत्त्या! ताई हसली. मला नाही आलं हसू.

१५ जानेवारी
वाशिमच्या विद्यार्थी परिसंवादात माझा निबंध निवडला! तरुण, न्याय आणि सोशल मीडिया. नाव न घेता ताईचीच गोष्ट लिहिली आहे. ती म्हणाली, ‘मी बी येतो. सत्तावीसले कोर्टात साक्ष हाये. चार लोकांत बसाची सवय तं होईल.’ दिवाळीनंतर पहिल्यांदा घराबाहेर पडणार!

१९ जानेवारी
निळ्या ड्रेसला इस्त्री केली तिने. मनासारखी झाली नाही म्हणून परत केली.

२० जानेवारी
लिहवत नाही.

सुरुवातीलाच निवेदक वीरेंद्र म्हणाला, ‘न्याय न मिळताच गेलेल्या भगिनींसाठी दोन मिनिटं स्तब्ध...’ आणि पडद्यावर ताई! मेणबत्तीसकट! स्टेटसवरूनच उचलला असणार फोटो, विचारलं कोणालाच नाही. सगळे उभे राहिले. ताईही उभी राहिली — मान खाली घालून, स्वतःसाठी!

मला राहवेना. ओरडले, ‘जिवंत आहे माझी ताई! ही बघा, इथे!’

सगळ्या माना वळल्या. मग एकेक मोबाइल वर आला. ताईने ओढणीत तोंड लपवलं. का ओरडले मी! गप्प राहिले असते तर दोन मिनिटांत संपलं असतं.

एसटीत तिचा हात धरला, तिने सोडवून घेतला. ‘निके, मले काहून दाखवलं व?’ एवढंच बोलली.

२३ जानेवारी
सभागृहातला व्हिडिओ गावभर फिरतोय. खाली लिहिलंय — ‘जिवंत आहे ताई आमची!’ त्या नालायकाचे फोटो निदान खोटे होते. हा खरा आहे. ताई जेवत नाही.

२७ जानेवारी
ताई एकटीच कोर्टात गेली. मला उठवलंही नाही. ‘फोटो कोनं बनवले, मले मालूम नाही’ — असं सांगून आली.