गंज चढवायची नोकरी

१५ सप्टेंबर, सोमवार

पहिला दिवस. काहीही तुटलं नाही!

नीट लिहून ठेवतो, म्हणजे उद्या घाबरलो तर वाचता येईल. खांबेवाडीतलं जुनं चर्च. इथली ख्रिस्ती घरं नोकरीपायी पिंपरी-चिंचवडला गेली आणि प्रार्थना बंद पडली, त्याला बरीच वर्षं झाली. आता आत दिव्या मॅडमनी आपली कलाकृती मांडली आहे. पाद्री जिथं उभे राहायचे तिथं एक जुनं प्रेस मशीन — पत्रा दाबायचं. रंग कधीच उडालेला, सगळं उघडं लोखंड. वर दोरीला सलाईनच्या बाटल्या, त्यांत मिठाचं पाणी. थेंब थेंब पडतो, मशीन गंजतं, गंजाचा ओघळ खालच्या पांढऱ्या कापडावर उतरतो. नाव — 'क्षरण'. म्हणजे झिजणं. घरी येऊन अर्थ बघितला.

माझं काम : दार उघडणं, बाटल्या भरणं, कुणाला हात लावू न देणं.

मॅडम म्हणाल्या, "धनेश, गंज हा आपला हिरो आहे. त्याला जप."

चाकणला कंपनीत होतो तेव्हा गंजाचा एक ठिपका दिसला तरी अख्खी पेटी परत यायची. मी प्रत्येक पार्टला तेल लावायचो. कॉन्ट्रॅक्ट संपलं म्हणून घरी बसवलं, नाहीतर माझी पेटी कधी परत आली नव्हती. आणि आता गंज जपायचा! आज हाताला तेलाचा वास नव्हता. चुकल्यासारखं वाटलं.

१६ सप्टेंबर

बाहेरच्या बोर्डावर पेंटरने 'कलाकृति' लिहिलं होतं. न विचारता पहिली वेलांटी खरवडली, दुसरी काढली. दिवसभर बोर्डाकडे बघणं टाळलं. मॅडम बोर्डासमोर उभ्या राहून गेल्या — लक्षातही आलं नाही.

१८ सप्टेंबर

समोरच्या चहाच्या टपरीवाल्या शालनबाई आज दळणाचा डबा घेऊन आत आल्या.

"गिरणी कवा चालू करताय?"

"मावशी, ही गिरणी नाही. कला आहे."

त्या बराच वेळ वर बघत राहिल्या. "सलाईन लावलंय व्हय? लई आजारी हाय का?"

"मुद्दाम गंजवतोय त्याला."

"आन् ह्याचा पगार देत्यात?"

"हो."

"आमचा पंप फुकट गंजला की रं!"

डबा तिथंच विसरून गेल्या. दुपारी पुण्याहून दोन बायका आल्या, सुती साड्यांतल्या. डब्याभोवती फिरून म्हणाल्या, "यंत्र आणि भूक... किती बोलकं आहे!" फोटो मशीनचा एक, डब्याचे मात्र पुष्कळ. मला सांगायला हवं होतं. तोंड उघडलंच नाही. माझं हे नेहमीचं — वाक्य मनात तयार असतं, पण ते बाहेर यायच्या आत समोरचा माणूस निघून जातो.

२० सप्टेंबर, शनिवार

शांतवनकाका आले होते. रिटायर्ड फिटर, तळेगावला राहतात. ह्या चर्चला येणारे शेवटचे तेच, किल्ली त्यांच्याकडे असायची. अजून शनिवारी येऊन आपल्या जुन्या बाकावर बसतात.

विचारलं, "काका, वाईट नाही वाटत? हे असं इथं?"

"रिकामं होतं तेव्हा वाटायचं. नुसती कबुतरं. आता निदान कुणीतरी वेळेवर दार उघडतंय." मग मशीनकडे बघून मान फिरवली. "पण ह्याचे हाल बघवत नाहीत राव."

मलाही बघवत नाहीत. दोघांनी मशीनकडे पाठ करून डबा खाल्ला.

२२ सप्टेंबर, घटस्थापना

पितृपंधरवडा काल संपला आणि आईने आज सकाळीच फोन फिरवला. स्थळ आहे! मुलगी करिष्मा, चाकणला एका कंपनीत क्वालिटीला. वडील सोपानराव भोसरीत प्रेस शॉपचे फोरमन. त्यांचं म्हणणं — "पोहे खाताना सगळीच मुलं चांगली दिसतात. आम्ही मुलगा कामावर बघतो." खंडेनवमीला येणार. त्यांच्या कंपनीत सकाळी पूजा, मग सुट्टी.

आईने सांगून टाकलंय की मुलगा मशीनवर सुपरवायझर आहे.

"आई!"

"मशीन आहे ना? तूच बघतोस ना? मग?"

करिष्माचा फोटो बघितला.

२३ सप्टेंबर

परत बघितला.

२८ सप्टेंबर, रविवार

मॅडमचा फोन. पुढच्या रविवारी मुंबईहून पाहुणे येणार. त्यांना आवडलं तर पलीकडच्या गावातलं बंद चर्चही मिळेल आणि माझं काम चालू राहील. नाही आवडलं तर गाशा गुंडाळायचा. "गंज छान येऊ दे," म्हणाल्या.

म्हणजे नोकरी गंजावर, आणि लग्न नोकरीवर.

मशीनसमोर उभं राहून सराव केला — "सोपानराव, ही कला आहे. हा गंज मुद्दाम आणलेला आहे." मागून आवाज : "मशीनशी बोलाया लागलास? आता एक बाटली तुलाच लावते!" शालनबाई. चहा घेऊन आल्या होत्या.

१ ऑक्टोबर, खंडेनवमी

सगळं संपलं. क्रमाने लिहितो.

सोपानराव आले. कपाळाला कुंकू, हातात पूजेतून उरलेला झेंडू, लिंबं, नारळ यांची पिशवी. मागे करिष्मा आणि माझी आई. शांतवनकाका शनिवार नसतानाही पाहुणे बघायला आलेले होते. सोपानरावांनी चपला बाहेर काढल्या, आत आले, मशीन बघितलं आणि थांबले. घरात कुणाचं तरी काही झालेलं असावं तसा चेहरा!

"अहो धनेशराव... हे काय?"

"सोपानराव, ही—"

"खंडेनवमी आहे आज! लोक घरचा पाना-पक्कड धुऊन पुजतात, आणि तुमच्या मशीनवर पाणी गळतंय?" वर बघितलं. "छप्पर गळतं म्हणून बाटल्या लावल्यात? अहो, पण बाटल्याच गळतायत!"

मी म्हणालो, "हो."

का म्हणालो!

"सुपरवायझर ना तुम्ही?"

"हो."

त्यांनी बाह्या दुमडल्या. गाडीच्या डिकीतून तेल आणि पॉलिश पेपर आला — फोरमन माणूस, दोन्ही जवळच असतं. बाटल्या स्वतः उतरवल्या. शालनबाईंनी डिझेलची बाटली आणि चिंध्या आणल्या. आईने खालचं कापड उचललं — "शी! कसले डाग हे!" आणि सगळ्या उन्हाळ्याचा गंज, मॅडमचा एकेक ओघळ, पूजेची लिंबं चोळून टपरीमागे धुऊन काढला. वर कापड भिंतीवर वाळत घातलं!

करिष्मा हळूच जवळ आली. "हे मुद्दाम गंजवलंय ना? बाहेर बोर्ड वाचला मी."

"हो."

"मग बाबांना सांगा ना."

"तुम्ही सांगता?"

"मी? काम तुमचं आहे."

मी तोंड उघडलं तेवढ्यात सोपानराव ओरडले, "धनेशराव, पेपर मारा इकडनं!" आणि मी मारला. खरं तर मला आवडलं! हात आपोआप चालायला लागले. खालून चकचकीत लोखंड निघायला लागलं तसं मी सगळं विसरलो. शांतवनकाका म्हणाले होते मी फक्त बघणार, पण थोड्याच वेळात तेही मशीनखाली आडवे — "बुश जाम झालाय, तेल सोडा वरनं!" मग सोपानरावांनी चाक हाताने फिरवलं आणि प्रेस खाली आलं. इतक्या वर्षांनी! सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीसुद्धा.

झेंडूचा हार घातला. नारळाच्या वेळी शांतवनकाका म्हणाले, "तेवढा बाहेर फोडा." बाहेर फोडला. खोबरं त्यांनीच सगळ्यांना वाटलं.

जाताना सोपानराव : "हात चांगला आहे तुमचा. पण मशीन इतकं सोडलंत कसं? कळवतो."

करिष्माने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

२ ऑक्टोबर, दसरा

दुपारी फोन आला. नकार. आईने श्रीखंड पातेल्यातच ठेवलं.

मशीन मात्र इतकं सुंदर दिसतंय!

३ ऑक्टोबर

मॅडम आल्या. मला वाटलं ओरडतील. ओरडल्या नाहीत. बाकावर बसून हाराकडे बघत राहिल्या.

"धनेश, हे पुसलं कुणी?"

"पाहुण्यांनी. आणि मी."

"का?"

"खंडेनवमी होती."

"माझा अख्खा उन्हाळा होता रे तो गंज." मग उठल्या. "परवा माणसं येतायत. आण परत."

आणतो म्हणालो. पण कसा? तेल इतकं बसलंय की पाणी टिकतच नाही, घरंगळून जातं. लिंबू पिळलं. व्हिनेगर ओतलं. शालनबाई म्हणाल्या, "ताक घाल, तांब्या खराब हुतो की." ताक घातलं. चर्चभर कढीचा वास सुटला. गंज नाही.

मग नाइलाजाने आईकडून नंबर घेतला आणि करिष्माला लिहून पाठवलं — 'नमस्कार. नकार मिळाला, तो मान्य आहे. हा प्रश्न फक्त तांत्रिक आहे. तेल लावलेल्या लोखंडावर लवकरात लवकर गंज कसा येईल?' पाठवण्याआधी ऱ्हस्व-दीर्घ तपासलं.

उत्तर : 'खरंच हे विचारताय?'

'हो.'

'उद्या माझी सेकंड शिफ्ट आहे. सकाळी येते. धुण्याची पावडर आणि गरम पाणी तयार ठेवा.'

४ ऑक्टोबर, शनिवार

ती आली. स्कूटर लावली, ओढणी कमरेला बांधली. "मी क्वालिटीवाली म्हणून आले आहे. दुसरं काही समजू नका."

आधी पावडरने घासून सगळं तेल काढलं. मशीन कोरडं झाल्यावर म्हणाली, "आमच्याकडे हातमोजे न घालता पार्टला हात लावला की बोंब होते. माहितीय ना का?"

माहीत होतं! घामाचा हात लागला की दुसऱ्या दिवशी तिथं बोटं उमटतात — गंजाची. कंपनीत शिकवलेली पहिली गोष्ट. आणि ती माझ्या डोक्यात आली नाही, तिच्या आली.

मिठाच्या पाण्यात हात बुडवायचा आणि मशीनवर दाबायचा. पहिला हात मला ठेववेना. सवयच नाही. खिशातून मोजे काढत होतो!

"ठेवा हो. चावत नाही ते."

तिने आपला ठेवला. मग थांबलीच नाही. "हा आमच्या लाईन लीडरच्या नावानं!" — फाट्. "हा ऑडिटच्या नावानं!" — फाट्. मीही एक मारला, कॉन्ट्रॅक्टरच्या नावानं. हळूच. ती म्हणाली, "हे काय, गाल कुरवाळताय का त्याचा?" मग जोरात मारला. फार बरं वाटलं. खालपासून वरपर्यंत, चाकावर, मागच्या बाजूला, जागा उरली नाही. शालनबाई दारात उभ्या राहून म्हणाल्या, "परवा पुसत हुता, आज मारताय. त्यानं करायचं तरी काय?"

जाताना तिने हात धुतले, वास घेतला, तोंड वाकडं केलं आणि हसली.

नकार का दिला ते विचारलं नाही. तो प्रश्न तांत्रिक नव्हता.

५ ऑक्टोबर, रविवार

उमटले!

सकाळी दार उघडलं तर सगळं मशीन पंजांनी भरलेलं. नारिंगी. बोटांच्या रेघासुद्धा दिसतात. आईने धुतलेलं कापड खाली अंथरलं, बाटल्या परत टांगल्या. मॅडम आल्या, तोंडावर हात ठेवून उभ्या राहिल्या.

पाहुण्यांतले एक पांढऱ्या दाढीचे गृहस्थ खूप वेळ वाकून बघत होते. मग डोळे पुसत म्हणाले, "कुठं गेले असतील हे सगळे हात!"

त्यातले दोन त्यांच्यासाठी चहाचा ट्रे धरून उभे होते. दोन भोसरीला घरी, साप्ताहिक सुट्टीवर.

"कुणाचे आहेत?" त्यांनी विचारलं.

"कामगारांचे," मी म्हणालो. खोटं नाही.

पुढचं चर्च मिळालं. नोकरी राहिली. पाहुणे गेल्यावर मॅडमनी विचारलं, "तू केलंस?"

"दोघांनी."

"दुसरं कोण?"

"क्वालिटी," म्हणालो. आणि बाटल्या भरायला पळालो.

६ ऑक्टोबर, सोमवार

सकाळी दार उघडलं तर सोपानराव उभे. खंडेनवमीला पॉलिश पेपर विसरले होते म्हणे. आत आले, मशीनभोवती एक फेरी मारली.

"मोठे पंजे तुमचे. हे लहान कुणाचे?"

वाक्य तयार नव्हतं. तरी सांगितलं — करिष्माचे. हेही सांगितलं की मी सुपरवायझर नाही. गंज मुद्दाम होता, तो जपणं हेच माझं काम आहे, आणि त्या दिवशी तुम्हाला घाबरून बोललो नाही. एका दमात.

ते बाकावर बसले. म्हणाले, "मी होच म्हणणार होतो. नकार तिचा होता. म्हणाली, ज्याला आपलं काम काय ते तुम्हाला सांगता येत नाही, तो उद्या माझ्या बाजूनं काय बोलणार?"

मग उठले, घड्याळ बघितलं.

"आज फर्स्ट शिफ्ट आहे तिची, तीनला सुटते. गेटवर जा — आणि मला काय सांगितलंत ते तिलाही सांगा."