वेशीवरची काळी कोंबडी

५ जुलै
रायपूरला पोचलो. बीरगांवच्या पलीकडे नव्या बायपासचं काम. साइट इंजिनिअर म्हणून माझी पहिलीच स्वतंत्र जबाबदारी. खोलीही रस्त्याला लागूनच मिळाली. घरमालकीण वनमालाकाकू मूळच्या गोंदियाच्या. यजमान रेल्वेत होते. ते गेल्यावरही त्या इथंच राहिल्या. मुलगी देवयानी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली आहे. वांगी चालतात का असं काकूंनी विचारलं आणि उत्तराआधीच वाढली. अंगणात काळ्या कोंबड्या आहेत. शेजारच्या उरला गावातल्या कारखान्यांच्या काजळीनं काळ्या झाल्या का, असं मी विचारलं. देवयानी हसून म्हणाली, निरंजनभैया, थांबा जरा, तुम्हीपण अशेच होसान.

८ जुलै
रस्ता गावाच्या कडेनं जातो, पण काकूंचं आणि आणखी चार-दोन घरं गावापासून तुटून अलीकडे राहिली. दुभाजकातली शेवटची फट आज मी बंद करून घेतली. नकाशात ती नव्हतीच. गावात जायचं तर आता अंडरपासचा लांब वळसा. काकू म्हणाल्या, दुकान समोर दिसून राहिलं, अन् मीठ आणायले मी ऑटो करू काय? मी सुरक्षेचं कारण समजावलं. देवयानी म्हणाली, दाईबी तिकडच्याच पाऱ्यात, त्या वस्तीत राहते. हे ती हसून म्हणाली नाही.

१४ जुलै, रविवार
आज गाव बांधलं. बैगा, म्हणजे गावचा पुजारी, आषाढात वेशीवर पूजा करून रोगराई बाहेर काढतो. सगळी कामं बंद. माझे मजूरही आले नाहीत. जुनी वेस आमच्या भरावाखाली गेली, म्हणून यंदा पूजा रस्त्याच्या गावाकडच्या कडेला झाली. काकूंच्या घरी कोणी आलं नाही. दरवर्षी येतात म्हणे.
दुपारी भराव पाहायला गेलो. रस्त्यावर एक काळी कोंबडी, डोक्यावर शेंदूर. लिंबू असतं तर शिवलो नसतो. उताऱ्याला हात लावू नये हे आमच्याकडेही लहानपणापासून ठाऊक असतं. ही जिवंत होती. काकूंचीच चुकलेली, असं वाटलं. उचलून अंगणात सोडली.

१५ जुलै
ती काकूंची नव्हती. गावाची सगळी पीडा अंगावर घालून कोंबडी वेशीबाहेर सोडतात. सोडणारे वळून पाहत नाहीत. काकू रागावल्या नाहीत. काहून आणली बापा, एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत राहिल्या.
कोंबडी दाणे टिपत नाही. देवयानीच्या दाराकडे तोंड करून उभी आहे. बाकीच्या कोंबड्या कुंपणाबाहेर जाऊन बसल्या.

१७ जुलै
देवयानीला ताप. पोट्टं हलून नाही राहिलं म्हणते. डॉक्टरीणबाईंनी तपासलं, ठोके ठीक आहेत म्हणाल्या. देवयानीचा विश्वास बसला नाही. माझाही.
पलीकडचे लोक आता या घराकडे पाहत नाहीत. दूधवाला पाठमोरा येतो, दूध ठेवतो, जातो. मजूर माझ्याशी बोलतात ते जमिनीकडे पाहून.

१८ जुलै
सकाळी कोंबडी दाराशी आडवी. उचलली. मेली म्हणावं असं नाही. पिसं, कातडी, आणि आत काहीच नाही. पोकळ.
ताप वाढला.

१९ जुलै
बैगा आला. रस्त्याच्या पलीकडेच थांबला, तिथून बोलला. ज्यानं आत आणलं त्यानंच बाहेर न्यायचं. कोंबडी रिकामी झाली. आता ते तुझ्या मागोमाग येईल. मागून कोणीही हाक मारो, वळू नको. वळलास तर ते घरात परत जाईल.
मी विचारलं, कुठपर्यंत जायचं. वेशीपर्यंत, म्हणाला. वेस कुठे आहे, विचारलं. म्हणाला, तूच सांग. बुजवली तूच.

२० जुलै, संध्याकाळ
कळा सुरू झाल्या. रुग्णवाहिका वळशात अडकली. दाई दुभाजकावरून चढून आली, खाली पाहत. काकूंनी मला हात जोडले. जाय रे बापा, म्हणाल्या—
निघालो. रस्ता नवा, सरळ. वेस सापडत नाही. कठड्यावर बसलोय, घराकडे पाठ करून. लिहीत राहिलो की मान वळत नाही.

मागून काकूंची हाक. निरंजन, ये, पोट्टी झाली.
वळलो नाही.

पुन्हा हाक. आता ओरडून राहिल्या आहेत— पोट्टी रडून नाही राहिली, कोणी या—

काकूच आहेत. की नाहीत—
पण रडणं मला ऐकू येतंय. बारीक, नुकत्याच जन्मल्याचं. मागून नाही. समोरून. रिकाम्या रस्त्यावरून, माझ्याकडं—
आता यापासून पळायचं तर घराकडेच वळायचं, आणि वळलो तर