याडी, तुझी हासली मोडली

याडी, तू विसरभोळी होतीसच. चुलीवर भाकर टाकून शेजारणीशी भांडायला जायचीस अन् जळकी भाकर आम्ही पोरी खायचो. पण मेल्यावर तर हद्दच केलीस. चाळीसेक दिवाळ्या झाल्या, दर वर्षी तुझ्या नावानं निखाऱ्यावर लापशी अन् तूप सोडते, धूर पितरांपर्यंत जातो म्हणतात. एकदा तरी कळवायचंस, गोड कमी पडलं का जास्त. मी कोण ते तरी ध्यानात आहे ना? तुझी तिसरी पोर. तुझ्यासारखीच अंगठेबहाद्दर राहिले, म्हणून मी सांगते अन् माझी नात लिहून राह्यली. पहिल्याच ओळीला तिनं विचारलं, "आजी, मेलेल्या माणसाले पत्र कायले?" म्हटलं, "जिते तरी कुठं आपलं ऐकतात? तू लिही."

सांगायचं ते हे की मी तुझी हासली मोडली. गळ्यातली ती चांदीची जाड कडी, जाताना तू माझ्या ओटीत टाकलीस अन् म्हणालीस, "घरात दाणा नसला तरच मोडजो. लगन असो, मरण असो, दुसऱ्या कशालेच नाही." मोठ्या दुष्काळातही तू ती मोडली नाहीस. आपण महागावच्या रस्त्याला खडी फोडत होतो. दुपारी खायला सरकारी सुकडी वाटतात, तू तुझा वाटा माझ्या पदरात ओततेस. मी विचारते, "अन् तू?" तू हातोडी उचलतेस. "म्या खाल्ली मघाशी." मी तुझ्याकडं पाहत पाहत दोन्ही वाटे खाते.

आता घरात दाणा भरपूर आहे, तिथंच तर घोडं अडलं. ही नात लहानपणी रडली की मी तिच्या तोंडात मलिदा कोंबायची. लेकराचं रिकामं तोंड मला बघवत नव्हतं. आज ती पंचवीस वर्षांची आहे. अंग सुटलं, साखरेचा आजार लागला, गुडघे सुजतात, उताणी झोपली की श्वास अडकतो. चालून झालं, उपाशी राहून झालं, कडू काढे पिऊन झाले. नागपूरचा डॉक्टर म्हणतो, ऑपरेशन करून जठर लहान करावं लागेल. माझा मुलगा यवतमाळजवळ लोहाऱ्याच्या कारखान्यात आहे, तिथून साऱ्या घराचा विमा आहे. आम्ही निश्चिंत होतो.

मग विम्याचा माणूस चौकशीला आला. घरी मी एकटी. त्याला चहा दिला, बशीभर चिवडा दिला. तो म्हणाला, "आजी, नातीले काय काय त्रास आहे?" आता तूच सांग, याडी, तांड्यात लग्नाच्या पोरीचं दुखणं परक्या माणसाला कोणी सांगतं का? मी पदर सावरला अन् म्हणाले, "तिले काय होते? खात्यापित्या घरची पोर आहे. लोखंडासारखी तब्येत!" वरून आणखी चिवडा वाढला. महिन्याभरात कागद आला. हे ऑपरेशन चांगलं दिसण्यासाठी आहे, पैसे मिळणार नाहीत. मुलगा म्हणाला, "त्यायच्या नियमातच बसत नाही, कोणालेही देत नाही ते." असेलही. मी गुमान भांडी घासली.

त्यानं फंडातले पैसे काढले, मोटारसायकल विकली, तरी थोडे कमीच पडले. मग मी हासली घेऊन यवतमाळला सराफाकडं गेले. तो काट्यावर ठेवतो अन् माझा जीव टांगलेला, दोन तोळे जास्त भरावेत म्हणून. इकडं पोरगी काट्यावर चढली की दोन किलो कमी भरावेत म्हणून तोच जीव टांगलेला. साऱ्या आयुष्याचं हेच झालं बघ, काट्याकडं पाहणं. थकले मी.

मघाशी हे पत्र सांगत चिवड्यापाशी आलो तेव्हा नातीचा पेन थांबला होता.

"आजी, तू असं म्हणलीस?"

"म्हणलं."

"काहून?"

"तुह्या लग्नासाठी."

तिनं पेनाला टोपण लावलं. मला वाटलं, आता उठून जाईल. मग म्हणाली, "बाबाले माहीत आहे?"

"नाही."

"चिवडा पण लिहू?"

"लिही."

तिनं लिहिलं. डोळे पुसले की घाम, मी विचारलं नाही.

हे पत्र टाकायला पेटी नाही. हासलीचं फडकं रिकामं झालं आहे, त्यातच गुंडाळून ठेवीन. खरं सांगू? विमा मिळाला असता का नसता, मला ठाऊक नाही, अन् कोणाला विचारायची हिंमतही नाही. सोमवारी नागपूरला जायचं आहे. तिला काही पाठवायचं तुझ्या मनात आलंच तर लापशी नको, तूप तर अजिबात नको. मुगाचं पातळ पाणी पाठव, वाटीभरच, डॉक्टरनं तेवढंच सांगितलं आहे. अन् माझ्यासाठी ती सुकडी पाठव, मघाशी खाल्ली म्हणालीस ती. पण या वेळी आधी तू खा.