ताग्यावरची देवी

आप्पा, काल लुगडं घ्यायला गेले तर कापडाच्या एका जुन्या ताग्यावर तुम्ही काढलेलं चित्र चिकटवलेलं दिसलं. रंग उडालेत, पण देवी तशीच आहे. झाडाखाली बसलेली, भोवती गुबगुबीत मुलं, मांडीत फळांचा ढीग, हातात फोडलेलं डाळिंब. दुकानदार म्हणाला, "छाप बघताय व्हय? लई नामी हाय की." ते हात माझ्या आईचे आहेत, हे त्याला सांगून काय करायचं होतं?

मूळ चित्र विलायती. मिलच्या साहेबाच्या कचेरीत टांगलेलं, त्यांच्या पुराणातल्या सुगीच्या देवीचं. तिला लुगडं नेसवून मिलच्या कापडावर चिकटवायची छाप करा, असं त्यानं तुम्हाला सांगितलं. त्याच आठवड्यात शेजारणींनी आईची सातव्या महिन्याची ओटी भरली, माझ्या पाठच्या भावंडाच्या वेळची. केळी, पेरू, सीताफळं आणि एक टपोरं डाळिंब. तुम्ही दारातून बघत होता. "अशीच बस, उठू नकोस," म्हणालात. शेजारची विणकरीण हसली, "देवीच बसवली की घरात! पण ओटीचं तिनंच खायचं असतंय, लई दिवस ठेवू नका." तुम्ही डाळिंब फोडलंत, दाणे चित्रात दिसावेत म्हणून, आणि आईच्या तळहातावर ठेवलंत. तिला डोहाळे डाळिंबाचेच लागले होते. "अहो, चार दाणे खाऊ का?" "चित्र होऊ दे. मग सगळं तुझंच आहे."

तीन दिवस ती बसते आहे. फळांवर चिलटं, पाठीत कळ. तिसऱ्या दुपारी तुम्ही रंग आणायला जाता, परत येता, तर डाळिंबाची एक बाजू रिकामी. "एवढाही दम निघत नाही? हावरट कुठली!" आई मान खाली घालते. ती मान तुम्ही तशीच रंगवलीत, आणि लोकांना त्यात देवीची माया दिसते. चित्र पुरं झालं तेव्हा डाळिंब काळं पडलं होतं. तुम्ही ते परसात फेकलंत. पुढे आईनं कधी डाळिंब तोंडात घातलं नाही. तुमच्या ते ध्यानातही आलं नाही.

तुम्हाला दोष द्यायलाच हा कागद घेतला होता. आता पेटीत तळाशी ठेवणार आहे. कारण ते दाणे आईनं खाल्लेच नव्हते. मी खाल्ले होते. तुमच्या वहाणा दारात वाजल्या तेव्हा तिनं माझी लाल बोटं आपल्या पदराला पुसली, आणि तुम्ही तिला बोलत होता तेव्हा मी खांबाआड गप्प उभी होते. पुढे तुम्ही वारलात, मग तीही गेली. दोघांशीही मी त्याबद्दल कधी बोलले नाही.

फार गोड होते, आप्पा.