कड्यावरून पडलेल्या पोरासाठी ताईत

किनू, तुला थोरल्या बहिणीचे पोटभर आशीर्वाद.

तोक्योत माझं मजेत चाललंय. आपली नात चिहारु कार्टूनमधल्या दहा वर्षांच्या पोराचा आवाज काढते! पोटाची गुरगुरसुद्धा माइक पकडतो, म्हणून माझे भाताचे गोळे खाऊनच कामाला जाते. तुझं मुळ्याचं लोणचं मुरलं का गं?

पण ज्या चित्रकथेवरून ते कार्टून निघतं, तिच्यात तो पोरगा परवाच कड्यावरून कोसळला. मेला तर हिचं काम गेलं.

चिहारु बजावते, "आजी, पुढचं सांगायचं नाही हं! कळलं की आवाजात आधीच रडू उतरतं."

"मला कुठं वाचता येतं, बाई!" म्हटलं. पण चित्रकथेत अवघड अक्षरांशेजारी सोपी छापतात, तेवढी येतात मला; गुपचूप वाचते.

आज देवळातून ताईत घेतला. पुजाऱ्यानं विचारलं, "कुणासाठी?"

म्हटलं, "नातवासाठी. पडलाय हो."

तुझीच,
फुमिएताई